मागं घे!

आमच्या आईला एकच नणंद होती आणि ती लोखंडाची होती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, भिंतीकडे तोंड करून ती उभी असायची. लँडमास्टर तिचं नाव. अँबॅसिडर सगळ्यांना माहीत असते, ही तिच्या आधीची, तिची थोरली बहीण म्हणा. रंग सायीचा, अंगाने गोल, आणि पुढचे दोन दिवे कुणाचं तरी बोलणं ऐकून थक्क झाल्यासारखे. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाच्या आधीच ती एका जुन्या जहागीरदार घराण्याकडून घेतली होती. भाऊ वकील. कोर्टातून आले की आधी बॉनेटवरून हात फिरवायचे, मग पाय धुवायचे, आणि मग आईला विचारायचे, चहा झाला का. लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत आईने हा क्रम हेरला आणि गाडीला नाव देऊन टाकलं, वन्सं. नवऱ्याच्या बहिणीला हाक मारायचा हा शब्द. "नणंदेची कटकट नाय म्हणून वडलांनी स्थळ पसंत केलं, अन् इथं येऊन बघते तर ही अंगणात उभी," असं ती आल्यागेल्याला सांगायची. दसऱ्याला गाडीची पूजा करताना ती बॉनेटला हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली आणि हात जोडून म्हणे, "वन्सं, यंदा तरी माझ्या अंगणात तेल गाळू नका." वन्संनी तिचं कधीच ऐकलं नाही. रोज सकाळी सडा घालताना तो काळा डाग तिला दिसायचा आणि ती त्याच्याभोवती जराशी रांगोळी काढून मोकळी व्हायची.

आमच्या घराची सकाळ हँडलने व्हायची. कोंबडा आमच्या गल्लीत नव्हता, त्याची गरजही नव्हती. भाऊ पुढच्या जाळीखाली लोखंडी हँडल घालून एक हिसका द्यायचे, गाडी खोकायची, दुसरा हिसका, पुन्हा खोकला, आणि मग एकदम तिचा आवाज घरभर भरायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी बारीक थरथरायची. त्या थरथरीत आई भाकऱ्या थापत असायची. पेट्रोलचा वास आणि ज्वारीच्या भाकरीचा वास हे माझ्या नाकात आजही वेगळे होत नाहीत. हल्ली या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कुणी गाडी सुरू केली की तरुण पोरं मोबाईल पुढे करून उभी राहतात. मला मात्र तिथे भूक लागते.

संध्याकाळी ओट्यावर भाऊंचे मित्र जमायचे. सगळे जुन्या गाड्यांचे वेडे. त्यातले सगळ्यात मोठे वेडे मुनीरचाचा. त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीत सागवानाच्या ओंडक्यांशेजारी एक लांबलचक, मागे पंख फुटलेली इम्पाला होती. ती गल्लीत वळायची नाही, म्हणून चाचा ती कोपऱ्यावर ठेवून चालत यायचे आणि दर थोड्या वेळाने उठून ती आहे का ते बघून यायचे. ओट्यावर बोलणी व्हायची ती स्वप्नातल्या गाड्यांची. एकाला सिल्व्हर घोस्ट एकदा नुसती हाताने शिवायची होती. एकाला बीटल हवी होती, तिचं इंजिन मागे असतं म्हणून. पुढे इंजिन असलेली गाडी म्हणजे पुढे बैल जुंपलेली गाडी, असं त्याचं म्हणणं. भाऊंना फँटम. "फँटममध्ये बसून एकदा हायकोर्टात जायचं," म्हणायचे, "खटला हरलो तरी चालेल." मी चहाचे कप घेऊन जायची आणि परत यायचं विसरायची. एकदा मुनीरचाचांनी मला विचारलं, "बेटी, तेरेकू कौनसी होना?" मी शेडकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "ती." सगळे हसले. चाचा म्हणाले, "वो तो तेरे घर में हैच." मी म्हटलं, "घरात आहे. माझ्या हातात कुठं आहे?" भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि कप आत न्यायला सांगितले.

ती माझ्या हातात आली ती भाऊंच्या खांद्यामुळे. एका थंडीत त्यांचा उजवा खांदा आखडला आणि मान वळेनाशी झाली. पुढे बघून गाडी चालवणं कसंबसं जमायचं, पण मागे वळून बघणं अशक्य झालं. आणि आमची गाडी तर रोज भिंतीकडे तोंड करून उभी. शेडमधून निघायचं ते मागे मागे, फाटकातून मागे मागे, आणि अरुंद गल्लीतून थेट कोपऱ्यापर्यंत मागे मागेच, कारण मध्ये वळायला जागा नाही. घरात मुलगा नव्हता. मी एकटीच. भाऊंनी दोन दिवस शेजारच्यांना बोलावून बघितलं. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी फाटकाचा खांब हलवला, तेव्हा भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "कुंदे, बस आत. मी सांगतो तसं कर." मी तेव्हा कॉलेजात नुकतीच जायला लागले होते, आणि त्या सीटवर बसायला मी इतकी वर्षं थांबले होते की बसल्यावर पाय पोचतात का नाही हेही बघितलं नाही.

कोपऱ्याकडे पाठ करून भाऊ गल्लीत उभे राहायचे, डावा हात हलवायचे आणि म्हणायचे, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास." एवढाच आमचा अभ्यासक्रम. मी डावा हात सीटच्या पाठीवर टाकून, मान पुरती मागे वळवून, मागच्या त्या ताटाएवढ्या काचेतून त्यांच्याकडे बघत यायची. गाडी मागे घेताना सगळं उलटं असतं. जिकडे बघाल तिकडे जाता, पण मागे जाता. थोडं वळवलं की तोंड भलतीकडेच फिरतं. घाई केली की गाडी रुसते. मला ते फार लवकर आलं, कारण उलटं वागण्याची मला आधीपासून सवय होती, असं आई म्हणायची. पुढेपुढे तर भाऊंनी हात हलवायचीही गरज उरली नाही. सायकली, भाजीची गाडी, कुणाच्या दारातली बाज, सगळं चुकवून मी वन्संना कोपऱ्यावर नेऊन उभं करायची. तिथे मी उतरायची, भाऊ बसायचे, आणि पुढे जायची ती गाडी त्यांची. मी चपला फटकारत घरी यायची. संध्याकाळी ते सरळ आत घालायचे, की दुसऱ्या दिवशी पुन्हा मी.

मी भाऊंकडे लायसनचा विषय काढला तो एका सकाळी कोपऱ्यावरच. ते म्हणाले, "लायसन कशाला? तू गाडी चालवतेस कुठं? तू गाडी मागं घेतेस. मागं घेणं म्हणजे चालवणं नव्हे." मी म्हटलं, मग काय आहे ते? म्हणाले, "ते घरकाम आहे." त्यांच्या एका ओळखीच्या माणसाने, जो लायसनच्या हापिसात होता, एकदा रस्त्यात थांबून विचारलं होतं, "वकीलसाहेब, मुलगी गाडी चालवती का काय?" तर त्यालाही भाऊंनी हाच निवाडा ऐकवला होता. तो मान डोलावून निघून गेला. मला त्या दिवशी जो राग आला होता तो अजून पुरता गेलेला नाही. हे लिहिताना हात जरा जोरात चालतोय, तो त्यामुळेच.

मग भाऊंचा खांदा इतका बिघडला की पुढे चालवतानाही स्टिअरिंग वळेना. त्या जमान्यातलं स्टिअरिंग म्हणजे जातं फिरवण्यासारखंच काम. आणि एका रविवारी जेवताना, माझ्या समोर, भाऊंनी गाडी देऊन टाकली. बापूकाका, भाऊंचे धाकटे भाऊ, बजाजनगरात राहायचे आणि वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस दिलदार, मोठ्या आवाजाचा. दर रविवारी स्कूटरवर आमच्याकडे जेवायला यायचे, कारण आईच्या हातची येसराची आमटी त्यांना लई आवडायची. त्यांना दोन मुलगे. भाऊ म्हणाले, "बापू, हुरड्याला सगळे मिळून जाऊन येऊ, तेव्हा गाडी तूच चालव, आणि तशीच घरी घेऊन जा. तुझ्याकडं पोरं आहेत. त्यांच्या कामी येईल. शब्द दिला." काका आमटीचा भुरका मारून म्हणाले, "भाऊ, लई झ्याक काम केलंत. लग्नसराईत नवरदेव बसवू हिच्यात. सीटला लाल मखमल मारतो, टपावर लायटिंग करतो. बघाच तुम्ही."

लाल मखमल ऐकून मी हातातला घास परत ताटात ठेवला. "आणि मी?" मी विचारलं.

"तू काय?" भाऊ म्हणाले.

"रोज गाडी कोण काढतं?"

"काढतीस की, कोण नाय म्हणतं," काका समजुतीने म्हणाले. "पण पोरी, चालवायला गडीमाणूसच लागतो."

"काका, तुम्ही गाडी चालवत नाही, हाकता," मी म्हटलं. "बैल असता तर कधीच मेला असता."

ते खरं होतं. काका गाडीत बसले की गिअरची दांडी अशी ओढायचे, जणू ती त्यांचं काही देणं लागते. पण खरं असलं म्हणून जेवताना, काकांच्या तोंडावर, पुतणीच्या तोंडून हे ऐकायला कोण तयार होतं? भाऊंनी हात ताटातच थांबवला.

"कुंदे, मोठ्या माणसाला उलट बोलायलीस तू. शब्द मागं घे."

"नाही घेणार."

"शब्द मागं घे म्हणतो मी!"

"गाडी मागं घेते ना रोज," मी म्हटलं. "शब्द नाही घेणार."

आईने उठून माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली. आमच्या घरात तेवढं समर्थन फार झालं. मी ती भाकरी सगळी खाल्ली, एक एक तुकडा मोडून, कुणाकडेही न बघता.

त्यानंतर भाऊ माझ्याशी बोलेनासे झाले. तरी सकाळी गाडी बाहेर काढून धुवायची, इंजिन गरम ठेवायचं, हे चालूच होतं. मी मागे घ्यायची आणि भाऊ गल्लीत उभे राहून म्हणायचे, "येऊ दे... येऊ दे... बास." दिवसभरात बापलेकीत एवढेच शब्द. मी त्यांना उत्तर म्हणून हॉर्न वाजवायची, गरज नसताना. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, पोरीला जरा आवरा, उद्या सासरी कसं होईल. आई म्हणाली, "सासरी तिला नणंद असली म्हंजे झालं. तिची सवय आहे तिला."

हुरड्याची सहल दर थंडीत व्हायची. शहरातले हे सगळे गाडीवेडे आपापल्या गाड्या पुसून, चकाकवून छावणीत जमायचे आणि रांगेने पडेगाव, दौलताबाद करत घाट चढून मुनीरचाचांच्या शेतात जायचे, खुलताबादच्या अलीकडे. त्या दिवशी काकांच्या शेजारी भाऊ, मागे आई आणि मी, मांडीवर धपाट्यांचा डबा आणि दह्याची बरणी. आईने निघताना वन्संच्या पुढच्या जाळीला गजरा बांधला होता. "पाठवणी हाय," ती म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि काकांनी ओढलेला प्रत्येक गिअर मला दातात लागत होता. पुढे मुनीरचाचांची इम्पाला संथ चालली होती, मागे इतरांच्या गाड्या. रस्त्यातली माणसं हात करत होती. सगळ्यांना वाटलं असणार, काय सुखी लोक आहेत.

दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाटाचा चढ लागला. वर रस्त्यावरच तो जुना दगडी दरवाजा आहे, ज्यातून एका वेळी एकच गाडी जाते. त्याच्या अलीकडे, पेरूवाल्या बायका बसतात तिथे, समोरून एक बस आली. काकांनी ब्रेक मारला. बस गेल्यावर पहिला गिअर टाकायला त्यांनी दांडी ओढली. ती गेली नाही. त्यांनी हिसका मारला. खाली कुठेतरी कट्‌ असा आवाज आला आणि दांडी त्यांच्या हातात लुळी पडली. पहिला पडेना, दुसरा पडेना. तिसऱ्यावर चढावर गाडी नुसती हुंदका देऊन बंद पडायची. मुनीरचाचा इम्पाला लावून पळत आले, रुमाल अंथरून खाली वाकून बघितलं. "सळई मुड गई वकील," ते म्हणाले. "पैला गया, दुसरा गया. पीछेका बस पड़ता." त्यांनी डिकीतून दोर काढायला सांगितला. इम्पालाने ओढून वर न्यायचं ठरलं.

"मी उतरणार नाय," आई आतून म्हणाली.

"आगं, दोर लावायचाय," भाऊ म्हणाले.

"वन्संना दोरी बांधून चारचौघांत ओढत नेणार? माहेरची माणसं म्हणवता अन् असं? मी उतरणार नाय अन् त्यांना ओढूबी देणार नाय." आईने डबा मांडीवर घट्ट धरला. एरवी भाऊंसमोर तिचा आवाज कधी इतका लागत नसे. मला तिच्याकडे बघून एकदम बळ आलं.

मी दार उघडून खाली उतरले. "मागचा पडतोय ना?" मी चाचांना विचारलं. "मग मी नेते वर. मागे घेत."

काका हसायला लागले. "आगं, येडी का खुळी? घाट हाय हा, तुमच्या गल्लीचा कोपरा नाय."

भाऊ हसले नाहीत. कित्येक दिवसांनी ते माझ्याशी बोलले. "कुंदे, तमाशा नको. तुला गाडी चालवायची परवानगी नाही. लायसन नाही."

"चालवतच नाहीये मी, भाऊ," मी म्हटलं. "मागं घेणं म्हणजे चालवणं नव्हे. तुमचाच निवाडा आहे. लायसनवाल्या साहेबालासुद्धा तुम्हीच सांगितलेला."

मागच्या गाड्यांतली माणसं उतरून भोवती जमली होती. पेरूवाल्या टोपल्या सोडून उभ्या होत्या. मुनीरचाचा आधी पोट धरून हसले, मग भाऊंच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हौ वकील, फंस गया तू. इसपे अपील बी नई चलता. देने दे पोट्टीकू." भाऊ दारासमोरून बाजूला झाले, आणि मी आत बसले.

हे लिहिताना मला कुणी समजुतीने सांगेल की तो आगाऊपणा होता, काही झालं असतं तर. झालं असतं तर झालं असतं. काकांच्या हातून पुढे तोंड करून होतच होतं की. पेरूवाल्यांनी टोपल्या उचलून जागा करून दिली. मी ब्रेक सोडून गाडी त्या मोकळ्या जागेत मागे उतरू दिली, आडवी केली, मग मागचा गिअर टाकून शेपूट चढाकडे फिरवलं. आता वन्संचं तोंड दौलताबादकडे आणि पाठ खुलताबादकडे. आई मागच्या सीटवर काचेच्या मधोमध बसली होती. "आई, डोकं बाजूला घे," मी म्हटलं. ती डब्यासकट सरकून कोपऱ्यात गेली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल." मी डावा हात सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली, आणि घाट चढायला लागले. "आगं बया, उलटी चालली की गाडी!" एक पेरूवाली ओरडली, आणि दुसरी म्हणाली, "पोरगी हाय, पोरगी!" पोरं बाजूने पळत होती. पुढच्या काचेतून मी बघितलं असतं तर काकांचं तोंड दिसलं असतं, पण मागे घेताना पुढे बघायचं नसतं. इंजिन घोरत होतं, क्लचचा जळका वास येत होता, मानेची शीर ताठली होती. मी थांबले नाही. रोजच्या त्या सगळ्या सकाळी फुकट गेल्या नव्हत्या, हे माझ्या हातांना माझ्या आधी कळलं.

दरवाज्यापाशी मात्र थांबावं लागलं. तो दगडी दरवाजा त्या ताटाएवढ्या काचेत मावेना. डावीकडे किती जागा, उजवीकडे किती, काही कळेना. माझे हात घामाने निसटायला लागले. मी ब्रेक दाबून धरला आणि पहिल्यांदा वाटलं, आता दोर मागावा लागणार. तेवढ्यात काचेत भाऊ दिसले. खालून चढून ते धापा टाकत आले होते, गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि बरोबर दरवाज्याच्या मधोमध, आमच्या गल्लीत उभे राहायचे तसे, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मागे वरून एक ट्रक येऊन थांबला होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. भाऊंनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही, वळताच येत नव्हतं त्यांना. त्यांनी डावा हात वर केला.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे... येऊ दे..."

मी त्यांच्याकडे बघत आले. ते एक एक पाऊल मागे सरत होते, उलटे, दरवाज्यातून, त्यांना मागचं काही दिसत नसताना, आणि मीही उलटी. दोन्ही बाजूंना दगड आरशाला लागेल इतका जवळ. "येऊ दे... डावीकडं जरा... येऊ दे..." आम्ही पलीकडे निघालो तेव्हा त्यांनी "बास" म्हटलं नाही. त्यांनी नुसता हात हलवला, जा. ट्रकवाल्याने हॉर्न बंद करून गाडी कडेला घेतली. आई कोपऱ्यातून म्हणाली, "वन्सं, शाबास." मला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच राहिले.

वरचा सपाट रस्ता लागल्यावर रेडिएटरमधून वाफ यायला लागली, तिथे पाणी घातलं, आणि शेतापर्यंत मी मागे मागेच गेले. आगटी पेटलेली होती. हुरड्याची कणसं भाजून चोळायला घेतली होती, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आईचे धपाटे, दही, सगळं मांडलं होतं. सगळे माझ्याभोवती, कुणी पाठीवर थाप मारतंय, कुणी हात बघतंय. मुनीरचाचांनी गरम हुरड्याची मूठ भरून आधी माझ्या हातात दिली, मग बाकीच्यांना. मग माझ्यासमोर वाकून ते म्हणाले, "ये हुई गाड़ी." काका जरा लांब, चिंचेखाली, दही खात बसले होते. भाऊ त्यांच्यापाशी गेले. मी ऐकायला गेले नव्हते, पण भाऊंचा कोर्टातला आवाज, तो सगळ्यांनाच ऐकू गेला.

"बापू, तुला शब्द दिला होता," भाऊ म्हणाले. "तो मागं घेतो."

काका चमचा तसाच धरून बघत राहिले. "भाऊ, तुम्ही? शब्द मागं?"

"व्हय. मी."

आमच्या भाऊंनी दिलेला शब्द मागे घेतलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांची अख्खी वकिली त्यावर उभी होती. काकांनी दह्यात चमचा फिरवला आणि म्हणाले, "घ्या. मखमल तेवढी आणून ठेवलीय घरी, तिच्या आता उश्या करतो." त्या उश्या त्यांनी खरंच केल्या आणि दसऱ्याला एक आम्हालाही आणून दिली. दिलदार होते, हे मी आधी लिहिलंच आहे.

लायसन मला मिळालं, पण पुढे चालवायला शिकताना मी चांगलीच रडकुंडीला आले. माझ्या हातांना सरळ जाणं अनोळखी होतं. नोकरी, लग्न, मुलं, सगळं झालं आणि वन्सं माझ्याबरोबर राहिल्या. नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, माझ्याबरोबर माझी आत्या येईल. भाऊ गेले, आई गेली, मुनीरचाचाही गेले. जुन्या गाड्या मोडीत काढायच्या म्हणून हल्ली सारख्या बातम्या येतात, आणि मुलगा म्हणतो, आई, आता दे कुणालातरी. मागच्या प्रदर्शनात एका गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या पोराने गाडीभोवती फेरी मारली आणि मला विचारलं, "आंटी, सर कुठंयत? गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं, "बाजूला हो बाळ," आणि वन्संना त्या दाटीतून, दोन्हीकडच्या गाड्यांना केसभरही न लागता, मागे घेऊन बाहेर काढलं.

आजही वन्सं भिंतीकडे तोंड करूनच उभ्या असतात. मी मुद्दाम तशाच लावते. आणि बापूकाकांबद्दल त्या रविवारी जेवताना मी जे म्हटलं होतं, ते काका गेले तरी, भाऊ गेले तरी, मी अजून मागे घेतलेलं नाही.